तिला चालतं

उदय पाटणकरांना माणसाच्या मनातलं ओळखता येतं अशी मिरजेत ख्याती होती, आणि ती पसरवण्यात खुद्द उदयरावांचा हात मोठा होता. वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या माणसाला एवढी हौस माफ असते. स्थळं सुचवणारी यंत्रं घरोघरच्या फोनमध्ये येऊन बसली, पत्रिका जुळवायला माणूस लागेना, रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा ड्रायव्हरशिवाय धावू लागल्या, तरी पाटणकरांच्या केंद्रातली वर्दळ काही हटली नाही. होकार-नकार इकडून तिकडे पोचवायचा, आणि तोही कुणाचा अपमान न होता, म्हणजे अजून माणूसच लागत होता.

मुलीच्या अपेक्षा मुलीच्या वडिलांना विचारायच्या, ही या धंद्यातली जुनी रीत. वडील सांगत, आई मान डोलावी, आणि मुलगी पोह्यांच्या बशा गोळा करून आत नेई. उदयरावांना त्यात कधी वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्या घरचीही रीत तीच होती. ‘वहिनींना चालेल ना?’ असं कुणी विचारलं, की वृंदानं तोंड उघडायच्या आत उदयरावच सांगून मोकळे होत, “तिला काहीही चालतं.”

वृंदालाही चालत असावं. निदान चालत नाही असं ती कधी म्हणाली नव्हती.

मग एका सकाळी ती गॅसपाशी उभी होती ती उभीच राहिली. दूध वर आलं, उतू गेलं, बर्नरवर सांडलं, जाळ विझला. ती बघत होती, पण हात पुढे झाला नाही. उदयराव आधी ओरडले, मग गॅस बंद करून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

मेंदूच्या डॉक्टर फरीदा मुजावर बोलायला स्पष्ट होत्या. “कपाळाच्या मागे, मेंदूच्या दोन अर्ध्या भागांच्या मधोमध एक पट्टा असतो. तिथली बारीक रक्तवाहिनी तुंबली. हातपाय शाबूत आहेत, वाचा शाबूत आहे, आठवणी जागच्या जागी आहेत. तुम्ही बोलता ते सगळं त्यांना कळतंय.”

“मग झालंय काय?”

“इच्छा उठत नाही. घास भरवलात तर गिळतील. पण चार दिवस नाही दिलात तरी मागणार नाहीत.”

वर्षभर उदयरावांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली. माणूस वाईट नव्हता, हे इथंच सांगितलेलं बरं. केंद्रात बसून ते दुसऱ्यांचे संसार जुळवत आणि दुपारी घरी येऊन बायकोच्या उघड्या डोळ्यांसमोर बसून रडत. म्हणून मुजावर मॅडमनी जेव्हा ‘प्रेरक’ नावाच्या नव्या यंत्राची गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच हो म्हटलं.

यंत्राची कल्पना तशी साधी होती. माणूस हात उचलतो, त्याच्या क्षणभर आधी मेंदूत विजेची एक मंद लाट चढायला लागते. वृंदाच्या मेंदूतही अशा लाटा उठत होत्या. पाणी प्यावं, कूस बदलावी, खिडकीशी जावं. पण त्या अर्ध्यावर विरत. प्रेरकाच्या केसाएवढ्या तारा ती लाट ओळखणार आणि तिला मागून हलकासा रेटा देणार. गळ्याच्या हाडाखाली त्वचेत बसवलेली, करंगळीच्या नखाएवढी चकती हे सगळं चालवणार.

“अडचण एकच आहे,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “एका वेळी अशा शंभर लाटा उठत असतात. सगळ्यांना रेटा दिला तर माणूस वेडा होईल. कुठल्या लाटेला द्यायचा, हे यंत्राला स्वतःलाच ठरवावं लागतं. दर वेळी ते आम्हाला विचारत बसणार नाही. ते स्वायत्त आहे. त्यासाठी वृंदाताई कशा आहेत, त्यांनी कधी काय केलं असतं, हे आधी त्याला शिकवायला हवं. पुढे ते त्यांच्या समाधानावरून शिकत जाईल. मेंदूत समाधानाचीही खूण उमटते, ती त्याला वाचता येते. पण सुरुवात जवळच्या माणसानं करून द्यायची.”

“मी आहे की. आणखी कोण लागतंय?”

“बहीण आहे ना त्यांना?”

“गडहिंग्लजला असते. रोपवाटिका आहे तिची. वर्षातून एकदा भेट, तिला काय ठाऊक?” उदयराव म्हणाले. मेव्हणीशी त्यांचं फारसं पटत नसे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर उदयराव वृंदाच्या पलंगाशी बसून यंत्राला बायको समजावून सांगू लागले. हॉस्पिटलनं दिलेल्या पडद्यावरून एक सौम्य आवाज विचारी, “वृंदा मोकळी आहे. घरात कुणी नाही. ती काय करेल?” उदयराव म्हणत, “कपाट आवरेल.” “चार जणांना गाडीतून जायचं आहे. ती कुठं बसेल?” “मागे, मधे.” “ताजी भाकरी आणि कालची भाकरी, दोन्ही समोर आहेत. ती कुठली घेईल?” या प्रश्नाला तर ते हसले. “कालची. आमच्याकडं तिलाच आवडते ती. भाताची खरवडसुद्धा तीच खाते.” आपल्याला बायको किती तपशिलानं माहीत आहे, याचा त्यांना त्या दिवसांत अभिमान वाटत असे.

प्रेरक सुरू केला तेव्हा वृंदा पलंगावर टेकून बसली होती. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अहो, किती वाळलात तुम्ही.”

उदयरावांनी हॉस्पिटलच्या लोकांदेखत तिचे पाय धरले.

पुढचे दिवस सणासारखे गेले. गल्लीतल्या बायका येऊन तिला बघून जात, आणि वृंदा प्रत्येकीला चहा करून देई. तिला सगळं आठवत होतं. घर पुन्हा लख्ख झालं. ती पूर्वी कधीकधी उगाच गप्प होऊन बसे, दार लावून घेई, तेही आता नव्हतं. शेजारच्या कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, “आधीपेक्षासुद्धा छान झाली हो ही,” आणि उदयरावांना तेव्हा ते कौतुकच वाटलं.

एका दुपारी त्यांनी स्वतः भाकरी थापल्या. वर्षभरात ते शिकले होते. तव्यावरून उतरलेली, पोपडा सुटलेली भाकरी त्यांनी वृंदाच्या ताटात वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला. वृंदानं ताट हलकेच बाजूला सारलं. उठून तिनं फडताळातून कालची भाकरी काढली, कडक झालेली, कडेला वाकलेली. ती मोडून तोंडात घातली आणि तिचे डोळे मिटले. चावताना तिच्या घशातून बारीक सुखाचा आवाज येत होता. बोटानं तिनं फडक्यावरचे तुकडेही टिपून खाल्ले.

“अगं, गरम आहे ना ही.”

“मला हीच आवडते,” वृंदा म्हणाली. “आमच्याकडं मलाच आवडते ती.”

उदयरावांच्या हातातला घास हातातच राहिला. ते शब्द त्यांचे होते. पूर्वीची वृंदा शिळी भाकरी खायची ती शेवटी जेवायला बसायची म्हणून, टाकवत नाही म्हणून. खाताना तिचा चेहरा कसा असायचा, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना. इतकी वर्षं तिच्या ताटाकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

गणपतीनंतर मेव्हणी आली. उज्ज्वलाताई धाडसी बाई, नवरा गेल्यावर एकटीनं रोपवाटिका उभी केलेली. तिनं एक दिवस बहिणीला नुसतं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उदयरावांना गच्चीत गाठलं.

“उदयराव, ही कोण हाय ओ?”

“म्हणजे?”

“शिळं खाती, खरवड खाती. लहानपणी पहिल्या भाकरीसाठी आईच्या हातून तवा ओढायची ती. आणि काल मी म्हटलं, चल माझ्यासंगं, तर म्हणती, मला मिरजेबाहेर करमत नाही. ती यायचीच होती माझ्याकडं! खोली बघितली होती तिनं, रोपवाटिकेला लागून. तुम्हाला सांगणार होती. त्याच आठवड्यात हे झालं.”

“कायमची?”

“ते तिलाच ठाऊक.”

उदयराव खाली आले. वृंदा कपाट आवरत होती. काल आवरलेलंच कपाट होतं ते. त्यांनी विचारलं, “वृंदा, तू ताईंकडं राहायला जाणार होतीस?”

ती क्षणभर थांबली. जुनी आठवण कुठंतरी वर आली असावी, कारण तिची बोटं साडीच्या घडीवर घट्ट झाली. मग ती सैल पडली. “होते खरी,” ती प्रसन्नपणे म्हणाली. “का कोण जाणे. आता मुळीच वाटत नाही.”

बायको सोडून जाणार होती, या दुःखापेक्षा आता जात नाही याची भीती मोठी ठरावी, ही गोष्ट उदयरावांना कुणाला सांगताही येईना. त्यांना ती हवी होती. या घरात, आपल्याजवळ, अगदी अशीच हवी होती. आणि ती अगदी अशीच मिळाली होती.

वृंदाला घेऊन ते मुजावर मॅडमकडे गेले आणि त्यांनी सगळं कबूल केलं. “मॅडम, मी माझ्या सोयीचं सांगितलं हो. मुद्दाम नाही. मला तेच खरं वाटायचं. आता ती माझ्याच तोंडचं बोलते. मला फक्त एकदा तिच्या तोंडून ‘नाही’ ऐकायचंय.”

वृंदा शेजारच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर त्यांना वेडच लागलं. बाहेर जाऊ या का, तर चला. घर विकू या का, तर विका. तुझे दागिने ताईंना देऊन टाकू, तर द्या की. तिनं कुठं तरी अडावं म्हणून ते एकेक पायरी वर चढत गेले. शेवटी एका संध्याकाळी ते वैतागून म्हणाले, “मग ते केस काप बघू. पार मुळापासून.”

वृंदानं शिलाईच्या डब्यातली कात्री आणली. वेणी पुढे घेतली आणि आनंदानं, गुणगुणत, कानापाशी कात्री चालवली. उदयरावांनी धावत जाऊन हात धरला तोवर अर्धी वेणी तुटून जमिनीवर पडली होती. “असं काय करता?” ती गोंधळून म्हणाली. “मला कापायचेच आहेत.” ती मनापासून बोलत होती. उदयराव तिथंच फरशीवर बसले आणि त्यांना हुंदका आवरेना. वृंदा त्यांच्यासमोर उकिडवी बसून त्यांचा चेहरा बारकाईनं न्याहाळत राहिली, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सवयीनं विचारलं, “तुला अर्धा कप ओतू?”

“नाही,” वृंदा म्हणाली.

उदयरावांना वाटलं आपल्याला भास झाला. “काय म्हणालीस?”

“नाही. मला नकोय चहा. तुम्ही सारखं विचारू नका.”

त्यांच्या डोळ्यांना धार लागली. हसू येत होतं, रडू येत होतं. ते पाहून वृंदाचा चेहरा उजळला. शाळेत कविता म्हणून दाखवल्यावर पोरं बाईंकडे बघतात, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

“असंच म्हणायचं होतं ना?” तिनं विचारलं.

चहाचं भांडं उदयरावांनी खाली ठेवलं. अंगावर काटा उभा राहिला होता, तो दिवसभर बसला नाही.

“यंत्र बिघडलेलं नाही,” मुजावर मॅडम म्हणाल्या. या वेळी त्यांनी वृंदाला बाहेर बसवलं होतं. “त्यांच्या मेंदूत समाधानाची सगळ्यात ठळक खूण कधी उमटते? तुमचा चेहरा खुलला की. मग ज्या लाटेनं तुमचा चेहरा खुलेल, तिला यंत्र रेटा देतं. तुम्हाला होकार हवा होता तोवर होकार दिला. नकार हवा झाला, नकार दिला. आणि खरं सांगू? यात यंत्राचं असं वेगळं काही नाही. आपणही आईबापांचा चेहरा बघतबघतच आवडीनिवडी शिकतो. फक्त आपल्याला ते शिकायला वर्षं लागतात आणि मधे दहा माणसं येतात. यांच्यापाशी एकच चेहरा आहे.”

“मग पुसून टाका. माझं सगळं सांगणं पुसा.”

“पुसता येतं. कोऱ्या पाटीवर ते त्यांच्याच लाटांवरून शिकू लागेल. जी लाट आपसूक जास्त जोरात उठेल तिलाच रेटा. महिने लागतील. कदाचित त्या पुन्हा दगडासारख्या बसून राहतील. आणि तुम्ही समोर असून चालणार नाही. पण संमती त्यांची लागेल. तुमची नाही.”

वृंदाला आत बोलावलं. मॅडमनी सगळं नीट समजावलं आणि विचारलं, “तुमची इच्छा आहे का?”

वृंदानं नवऱ्याकडे पाहिलं. उदयरावांनी चेहरा भिंतीकडे फिरवला. तिनं खुर्ची सरकवली, वाकून, वळून त्यांचा चेहरा शोधला. त्यांचे ओठ थरथरत होते तेवढं तिला पुरलं.

“आहे,” ती म्हणाली. “मला अगदी मनापासून हवंय.”

मॅडमनी प्रेरक थोडा वेळ बंद करून तोच प्रश्न पुन्हा विचारला. वृंदाचे डोळे समोर स्थिर झाले. बोटावर माशी बसली ती तिनं उडवली नाही.

“चालू असलं की ती माझं म्हणणं म्हणते, बंद केलं की काहीच म्हणत नाही,” उदयराव म्हणाले. “मग मी विचारू कुणाला?”

“कायद्यानं विचारायचं तेवढं आपण विचारलं,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “त्यापलीकडचं मलाही ठाऊक नाही.”

म्हणजे शेवटी ठरवलं ते उदयरावांनीच. तिची सुटका करण्याचा निर्णयसुद्धा तिच्या वतीनं आपणच घेतला, हे त्यांना कळत होतं, आणि दुसरा मार्ग दिसत नव्हता. पाटी कोरी झाली. उज्ज्वलाताई गाडी घेऊन आली. वृंदाला तिनं पुढच्या सीटवर बसवलं. गाडी कोपऱ्यावर वळली तरी वृंदाची मान मागे वळली नाही, आणि वळू नये असंच तर त्यांनी ठरवलं होतं. घरात येऊन ते तिच्या उशीवर डोकं ठेवून पडून राहिले.

फोन करायचा नाही, ताई करेल तेव्हाच बोलायचं, असं ठरलं होतं. उदयरावांनी शब्द पाळला. केंद्रात मात्र ते बदलले. आलेल्या मुलीला म्हणत, “बाकीचे जरा बाहेर बसा, हिला एकटीला विचारतो.” आणि मुलगी एकटी समोर बसली की त्यांच्याच लक्षात येई, की ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलते आहे. मग ते खाली मान घालून ऐकत. दोनचार स्थळं त्यामुळं हातची गेली.

संक्रांत उलटून गेली आणि एका सकाळी फोन वाजला.

“उदयराव, जमलं बघा!” ताईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “दोन महिने नुसती बसून होती. मग एक दिवस आपल्या आपण उठून रोपांना पाणी घातलं. आता काय विचारता? गिऱ्हाइकाशी भांडती, माझ्याशी भांडती. काल एका माणसाला म्हणाली, गुलाब जगवायची अक्कल नसंल तर नेऊ नका. मी हसून हसून मेले की ओ!”

उदयरावांच्या डोळ्यांसमोर कमरेला पदर खोचून भांडणारी वृंदा आली. ही बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि तिच्यावर त्यांचा लगेच जीव जडला. “आता?” त्यांनी विचारलं. “घरी यायचं म्हणते का?”

“नाही म्हणती. कायमचं इथंच राहायचं म्हणती. तुम्हाला राग यायचा, पण...”

“राग नाही ओ, ताई.” खरंच राग नव्हता. छातीत कळ आली होती, आणि त्या कळेच्या आत सुख होतं. हा नकार तरी त्यांच्या चेहऱ्यावरून उचललेला नव्हता. ते इथं होते, ती तिथं. तिनं आपलं आपण ठरवलं होतं. ते फोन ठेवणारच होते, पण आयुष्यभर दोन्हीकडच्या मंडळींचे आवाज ऐकलेल्या माणसाचा कान होता तो. ताईच्या आवाजातला आनंद त्याला जरा जास्त वाटला.

“ताई, एक विचारू? ती गिऱ्हाइकाशी भांडली की तुम्ही हसता?”

“मग? रडू व्हय?”

“आणि तिनं तिथंच राहावं, असं तुमच्याही मनात होतं?”

“मी तिला एका शब्दानं बोलले नाही, उदयराव. देवाशपथ.”

“शब्दानं नाही हो म्हणत मी.”

कुठंतरी नळाचं पाणी रोपांवर पडत होतं, तेवढंच फोनमधून येत होतं.

“तिला द्या फोन,” उदयराव म्हणाले. “मी काही बोलत नाही. तिलाच बोलू दे.”

फोन हातातून हातात गेल्याची खसफस झाली. उदयरावांनी श्वास रोखून धरला. आणि मग, फोनपासून तोंड फिरवून, हलक्या आवाजात वृंदानं विचारलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

“ताई, काय सांगू गं त्यांना?”